रंग गव्हाळ, बांधा साधारण, भाषा मराठी

"रंग?"

"गव्हाळ."

"बांधा?"

"साधारण."

"अंगावर काय होतं?"

"हिरवं इरकल. पायात चप्पल नाही. डाव्या दंडावर गोंदण."

"भाषा?"

"मराठी," मी म्हणाले.

२०१७ चा श्रावण. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, बाहेर बारीक पाऊस लागून राहिला होता. हवालदार कन्नडमध्ये लिहून घेत होते, मी मराठीत सांगत होते आणि माझे मिस्टर मध्ये बसून इकडचं तिकडं करत होते. बेळगावात हे रोजचंच, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. आमच्या आत्ती संध्याकाळी पाचला वडगावच्या घरातून बाहेर पडल्या होत्या आणि पाच तास होत आले तरी त्यांचा पत्ता नव्हता. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. कन्नडमध्येही अत्तीच म्हणतात.

त्या अर्जात मी दिलेलं शेवटचं उत्तर चुकीचं होतं, हे मला दोन तासांनी कळलं. ते का चुकलं आणि पुढं दोन सिनेमांनी मला ते कसं उलगडून दाखवलं, हे आज लिहायला बसले आहे.

पोलिसांत जायच्या आधी आम्ही शहापूर पालथं घातलं होतं. एका चुरमुऱ्याच्या गाडीवाल्याला मिस्टरांनी मोबाईलवरचा फोटो दाखवला. फोटो जुना, लग्नातला, नथ घातलेला. तो म्हणाला, "म्हातारी एक गेली की मघाशी हितनं. पण ती कन्नड आजी होती, तुमची न्हवं." आम्ही त्याचे आभार मानले आणि पुढं गेलो. ती आमचीच होती. तो सहा वाजता आमच्या आत्तींशी बोलला होता, त्यांनी त्याला कन्नडमध्ये वाट विचारली होती, आणि आम्ही मात्र प्रत्येकाला "मराठी बोलणारी आजी" शोधायला सांगत फिरत होतो.

अकराच्या सुमाराला मध्यवर्ती बसस्थानकावर त्या सापडल्या. बैलहोंगलची बस लागते तिथल्या बाकड्यावर, एका फुलवालीच्या शेजारी. त्या बाईनं आत्तींच्या हातात दोरा आणि अबोलीची ओंजळ दिली होती आणि आत्ती गजरा बांधत बसल्या होत्या. ओल्या लुगड्यावर त्या बाईचा टॉवेल होता. तिची स्वतःची गावाकडची शेवटची बस केव्हाच निघून गेली होती. "मनिगि होगबेकंत अळाकत्तिद्दळु," ती आम्हाला म्हणाली. घरी जायचंय म्हणून रडत होत्या. ही बाई तिशीतली, आणि आमच्या त्र्याहत्तर वर्षांच्या आत्ती तिला "अव्वा", म्हणजे आई, म्हणत होत्या.

मला त्यांनी विचारलं, "यार नी?" तू कोण?

एकवीस वर्षं एका चुलीवर आम्ही दोघींनी स्वयंपाक केला होता.

---

आत्तींचं माहेर बैलहोंगलच्या बाजूचं, अस्सल कन्नड घर. सतराव्या वर्षी लग्न होऊन वडगावात आल्या. इथं घरोघरी माग. धोट्याच्या आवाजातच मराठी शिकल्या, म्हणजे गल्लीनं शिकवली. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पण हरिपाठ तोंडपाठ होता, आणि भाजीवालीशी घासाघीस करायची तर कन्नडमध्ये, शेजारणीशी भांडायचं तर मराठीत, हे त्यांचं ठरलेलं होतं. छप्पन्न वर्षं त्या मराठीत राहिल्या, आणि ती भाषा त्यांच्यावरून उतरत चालली आहे हे आम्हाला घरात बसून दिसलं नाही.

सुरुवात सगळ्यांकडं होते तशीच झाली. आमटीत दोनदा मीठ. तांदळाच्या डब्यात लपवलेल्या नोटा. मग बोरमाळ मी चोरली असा आळ, तो सुद्धा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर. आणि हळूहळू पाण्याला "नीर", जेवणाला "ऊटा". मला वाटलं, माझ्यावरचा राग काढतात, मला तोडून टाकायला मुद्दाम कन्नड बोलतात. मिस्टरांना कन्नड चांगलं येतं, पण तेही म्हणायचे, "आई, मराठीत बोल की." ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो. ती माणूस भिंतीला धरून चालत होती आणि आम्ही तिला भिंत सोड म्हणत होतो.

एका डॉक्टरांनी "वय झालंय, असं व्हायचंच" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली होती. त्यात आमची दोन वर्षं गेली. बसस्थानकाच्या त्या रात्रीनंतर मेंदूविकारतज्ज्ञांकडं गेलो तेव्हा त्यांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, मेंदूचा स्कॅन काढला. या गोष्टी बिघडल्या तरी माणूस विसराळू होतं आणि त्यांवर इलाज असतो, म्हणून ते आधी बघायचं असतं. तसं काही निघालं नाही. अल्झायमर निघाला. त्यांनी समजावून सांगितलं की या आजारात अगदी अलीकडचं आधी जातं आणि जुनं पुष्कळ दिवस टिकतं. दोन भाषांची माणसं बऱ्याचदा लहानपणीच्या भाषेकडं परततात. म्हणजे आत्ती कुणावर रुसल्या नव्हत्या. त्या परत चालल्या होत्या, बैलहोंगलच्या वाटेनं.

पुढं मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादला ६४८ रुग्णांचा अभ्यास केला होता, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन भाषा वापरणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली त्यांना दिसली, आणि हे शाळा न शिकलेल्यांतही दिसलं. सरासरीवरून एका माणसाचा हिशेब मांडता येत नाही, हे मला कळतं. तरी वाटतं, भाजीवालीशी घातलेल्या त्या वादांनी आत्तींची दोन-चार वर्षं आमच्यासाठी राखून ठेवली असतील.

---

त्या वर्षीच्या दिवाळीत पुण्याला शिकणारी माझी मुलगी घरी आली आणि म्हणाली, "आई, आपण सगळे मिळून एक सिनेमा बघायचाय. आजीला पण बसवू."

सिनेमा होता 'अस्तु'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, त्यांना अल्झायमर झालेला. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी बाजारात उतरते, तेवढ्यात त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते हत्तीमागं चालू लागतात. शास्त्रींचं काम डॉ. मोहन आगाशे यांनी केलंय, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. या दोघा दिग्दर्शकांनी त्याआधी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया दाखवला होता. आजारी माणसाला कोपऱ्यात उभं करून त्याच्याकडं बोट दाखवायचं नाही, त्याच्या घरात जाऊन बसायचं, ही त्यांची रीत.

गाडीच्या प्रसंगाला मिस्टर उठून मागच्या खोलीत गेले. यंत्रमाग बंद होता, तरी ते मागाशी काहीतरी खुडखुड करत राहिले. त्या दिवशी पाचच्या सुमाराला आत्तींना ओसरीवर बसवून ते कोपऱ्यावरच्या दुकानात दुधाची पिशवी आणायला गेले होते. चार मिनिटं. त्याबद्दल ते आजवर कुणाशी बोललेले नाहीत. माझ्याशीही नाही.

मग पडद्यावर चन्नम्मा आली. माहुताची बायको. अमृता सुभाष यांनी हे काम केलंय आणि त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आमच्या भागात चन्नम्मा हे नाव म्हणजे कित्तूरची राणी. तिची समाधी बैलहोंगललाच आहे, आत्तींच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. ही चन्नम्मा पालावर राहणारी, बोलण्यात कन्नड. कुठून आलेत, कोण आहेत, काही ठाऊक नसलेल्या त्या म्हाताऱ्याला ती लेकरासारखी सांभाळते. तो पूर्वी कोण होता याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही, कारण तिला तो माहीतच नाही. भूक लागलेलं एक जीव दारात आलंय, एवढंच तिच्यापुढं आहे. आणि घरच्यांना हेच जमत नाही. आम्हाला तो मनुष्य पूर्वी कसा होता ते ठाऊक असतं, आणि आम्ही आजच्या माणसाकडून कालचा माणूस मागत राहतो.

चन्नम्माचा आवाज आल्याबरोबर आत्तींनी मान वर केली. कित्येक आठवडे त्यांनी टीव्हीकडं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. लॅपटॉपकडं बघत त्या म्हणाल्या, "बा. कूड." ये, बस. मुलीनं सिनेमा तिथंच थांबवला. आम्ही तिघी काही वेळ नुसत्या बसून राहिलो.

वाद घालू नका, चूक दाखवू नका, असं डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. कागद मी फ्रीजवर चिकटवला होता, येता-जाता वाचत होते, आणि तरी रोज संध्याकाळी वाद घालत होते. दिवेलागणीला आत्तींची चुळबुळ सुरू व्हायची. या आजारात बऱ्याच जणांना ती वेळ जड जाते. "घरी जायचंय," त्या म्हणायच्या. "हेच घर की आत्ती, हे बघा तुमचं कपाट, ह्यो मामंजींचा फोटो," मी म्हणायची. जितके पुरावे द्यावेत तितक्या त्या घाबरायच्या. विचार करून बघा, अनोळखी घरात अनोळखी बाई हात धरून हेच तुझं घर म्हणत असेल तर कुणीही घाबरेल. वाद न घालणं प्रत्यक्षात कसं असतं, तोंडानं काय बोलायचं, हात कुठं ठेवायचा, नजर कशी ठेवायची, हे मी चन्नम्माकडं बघून शिकले. आणि फुलवालीकडं, पण त्या रात्री मला ते बघायला डोळे नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी घरात कन्नड बोलायला लागले. शाळेत शिकवते मराठी माध्यमात, माझं कन्नड बाजारापुरतंच. संध्याकाळी त्या उठल्या की मी पण पिशवी घ्यायची. "हूं, मनिगि होगूनु. मोदल चा कुडियूनु." जाऊया घरी, आधी चहा पिऊया. चहा पिऊन होईतो लाइट लावलेले असायचे, कांड्या भरायचा रहाट समोर आणलेला असायचा, आणि बऱ्याच दिवशी घरी जायचं राहून जायचं. सगळ्या दिवशी नाही. काही रात्री आम्ही दोघी दोन वाजता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन परत यायचो, आणि परत आल्यावर त्यांना हेच घर बरोबर वाटायचं.

---

'गोधी बन्न साधारण मैकट्टु' मला आमच्या शाळेजवळच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी दाखवला. नावाचा अर्थ त्यांनी सांगितला तेव्हा माझ्या हातातला कप तसाच राहिला. गव्हाळ रंग, साधारण बांधा. हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीतलं वाक्य. मी पोलीस ठाण्यात बसून हेच सांगितलं होतं, शब्द न् शब्द.

हेमंत राव यांचा हा सिनेमा. अनंत नाग यांनी वेंकोब रावांचं काम केलंय, अल्झायमर झालेले, मुलाच्या नजरेआड होऊन बेंगळुरात हरवलेले. मुंबईला नोकरी करणारा मुलगा बाप शोधायला निघतो आणि शोधताना त्याला कळत जातं की आपण या माणसाला कधी ओळखलंच नव्हतं. त्यात गुंडांची गोष्ट आहे, ती मला जरा लांबल्यासारखी वाटली. पण जाहिरातीतल्या चार शब्दांत बाप मावत नाही, ही त्याची गोष्ट माझ्या काळजाला जाऊन भिडली. हे दोन्ही सिनेमे २०१६ सालीच थिएटरात आले, कन्नड जूनमध्ये आणि मराठी जुलैत. एका मागोमाग एक, शेजारच्या दोन राज्यांत, दोन हरवलेले बाप. आणि त्या दोन राज्यांच्या मधोमध राहणाऱ्या आम्हाला त्या वेळी त्यातलं एकही ठाऊक नव्हतं.

माझी एक तक्रार आहे, ती मांडते. या आजारावरचे आपल्याकडचे सिनेमे प्राध्यापकाच्या घरात फार रमतात. संस्कृतचे पंडित, हिंदीचे प्राध्यापक. एवढी विद्या कशी पुसली गेली, म्हणून आपण हळहळतो. विद्या गेली की नुकसान चटकन दिसतं, ते मला समजतं. पण १९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी जिची केस मांडली ती ऑगुस्ट नावाची बाई रेल्वेतल्या कारकुनाची बायको होती. फ्रँकफर्टच्या इस्पितळात तिला आणलं तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. नाव विचारलं तर ऑगुस्ट, आडनाव विचारलं तरी ऑगुस्ट. मी स्वतःला हरवून बसलेय, असं ती म्हणायची. घर सांभाळणारी एक साधी बाई. आमच्या आत्तींसारखी.

आत्तींची विद्या हातात होती. नाव गेलं, नातवंडं गेली, मराठी गेली, तरी तुटलेला धागा त्या बोटांच्या चिमटीत असा सांधायच्या की गाठ दिसायची नाही. अंगवळणी पडलेली कामं या आजारात बरीच मागं राहतात, असं डॉक्टर म्हणाले होते. शेवटच्या वर्षी माग लावला की त्या मानेनं ठोका धरायच्या आणि ठोका चुकला की आत येऊन बघायच्या. कुणीतरी अशा बाईवर सिनेमा करावा. मागाच्या आवाजातच अर्धा सिनेमा सांगता येईल.

---

२०२१ च्या जानेवारीत आत्ती गेल्या. अंथरुणावर, घरात. दोन वर्षं मी या विषयाच्या वाटेला गेले नाही. मग गल्लीतल्या एका घराच्या दाराला दिवसाउजेडी बाहेरून कुलूप आणि आतून कुणीतरी कडी वाजवतंय, असं दोन-तीनदा ऐकू आलं. मला तो आवाज ओळखीचा होता.

गल्लीतल्या मंडळाच्या बैठकीत मी सांगितलं की दोन रविवारी दोन सिनेमे दाखवूया, एक मराठी, एक कन्नड. मराठीला कुणाची हरकत नव्हती. कन्नडवरून आवाज चढले. हे मी दोष म्हणून सांगत नाही. आमच्या भागात भाषेसाठी माणसांनी काय काय सोसलंय ते मी घरातच पाहिलंय, आणि माझी मतंही मंडळापेक्षा वेगळी नाहीत. कोपऱ्यात एक आजोबा बसले होते. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यांच्या शब्दाला गल्लीत वजन आहे. ते म्हणाले, "दोन्ही दाखवा. बैलहोंगलच्या, गोकाकच्या पोरी सुना म्हणून आणल्या आपण. त्यास्नी काय झालंय ते आपल्याला कळाय नको?" थोडं थांबून म्हणाले, "माझ्या घरात बी आहे एक. कुणाला सांगिटलो न्हवतो."

कुलूप त्यांच्या दाराला होतं.

सिनेमा जाहीर दाखवायचा तर रीतसर परवानगी लागते, ती मिळवली. प्रोजेक्टर शाळेचा, खुर्च्या मांडववाल्याच्या. २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाला धरून २०२३ मध्ये पहिला कार्यक्रम ठेवला आणि तो चांगलाच फसला. मी वेळ ठेवली होती संध्याकाळी साडेसहाची. म्हणजे नेमकी दिवेलागण. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना ती वेळ सोडून कुठल्याही वेळी येता आलं असतं. इतकी वर्षं त्यातून काढलेल्या मला हे सुचू नये, याचं फार वाईट वाटलं. शिवाय आधी डॉक्टरांचं भाषण ठेवलं. ते मनापासून बोलले. साठीपुढच्या शंभरात साताहून जास्त लोकांना, म्हणजे देशात ८८ लाख लोकांना हा त्रास असावा असा अंदाज आहे, बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त आहे, ऐकू कमी येणं, साखर, रक्तदाब याकडं वेळेवर बघितलं तर धोका कमी होतो. सगळं खरं आणि गरजेचं. पण अर्ध्या खुर्च्या सिनेमा सुरू व्हायच्या आधीच रिकाम्या झाल्या.

पुढच्या रविवारी दुपारी दोनला ठेवला. सिनेमा आधी, डॉक्टर नंतर. आणि शेजारच्या खोलीत गाद्या घातल्या, तिथं आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका बसल्या, म्हणजे ज्यांना घरी कुणाकडं सोपवता येत नाही त्यांनी माणूस बरोबर आणावं. सात जणं आली. त्या खोलीत कुणी फोटो काढायचा नाही, डोकावायचं नाही, एवढा एकच नियम केला.

सिनेमा संपल्यावर "कसा वाटला?" असं मी विचारलं नाही. "यातलं कोण तुमच्या घरातल्यासारखं वाटलं?" असं विचारलं. पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक सून बोलली. इरासारखीच मी पण ओरडते आणि मग न्हाणीत जाऊन रडते, म्हणाली. तिच्या शेजारी बसलेली तिची नणंद तिच्याकडं बघतच राहिली. त्यानंतर थांबवावं लागलं, इतकं लोक बोलले. म्हातारचळ, भ्रमिष्ट, बाहेरचं काही लागलंय, हे शब्द त्या दुपारी पहिल्यांदा लोकांनी स्वतःहून मागं घेतलेले मी ऐकले. साठी बुद्धी नाठी, असं आपण म्हणतो. कन्नडमध्ये त्याची जुळी म्हण आहे, "अरवत्तक्के अरळु मरळु". साठीला बुद्धी फिरते. दोन्ही भाषांनी मिळून या आजाराला इतकी वर्षं म्हातारपणाच्या नावाखाली घातलं, आणि त्यात औषधपाण्याची, तपासणीची, धीराची वेळ निघून गेली.

एक यंत्रमाग कामगार शेवटी उठला. बापाचा पाय धोतराच्या तुकड्यानं खाटेला बांधून मी कामाला जातो, म्हणाला. घरात दुसरं कोण नाही. "बांधू नये हे कळलं आता. मग काय करू सांगा."

सिनेमानं त्याला प्रश्न विचारायचं बळ दिलं आणि उत्तर आमच्याकडं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण असे कार्यक्रम करणाऱ्यांनी या क्षणाची तयारी आधी ठेवायला हवी. डोळे पुसून लोक घरी गेले आणि सोमवारी त्या खाटेशी पुन्हा धोतराचा तुकडा असला तर आपण काय केलं? त्या संध्याकाळी चार घरांनी मिळून पाळी लावली. सकाळी एक, दुपारी दोन, अशी माणसं त्या म्हाताऱ्याजवळ बसतात. अजून चालू आहे, मधे मधे तुटते, पुन्हा जुळवतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठीची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन, हे दोन नंबर आता आमच्या गल्लीत बऱ्याच फ्रीजवर आहेत. आणि मी कापडी पट्ट्या शिवून देते. झंपरच्या, सदऱ्याच्या आतल्या बाजूला. नाव, घरच्यांचा फोन, दोन्ही लिप्यांत. खाली भाषा लिहिते. "मराठी, कन्नड." घरचे कधी कधी म्हणतात, आमच्या आईला कन्नड येत नाही हो. मी विचारते, माहेर कुठलं? आणि मग दोन्ही लिहिते.

---

फुलवालीला मी दोन्ही रविवारी बोलावलं होतं. पहिल्या वेळी ती आली नाही, धंद्याची वेळ. दुसऱ्या वेळी टोपली घेऊनच आली आणि मागच्या भिंतीला टेकून खाली बसली, खुर्चीवर बस म्हटलं तरी ऐकेना. तिला मराठी तुटकं येतं. पहिला अर्धा तास ती सिनेमा बघत होती आणि गजरे बांधत होती, डोळे पडद्यावर आणि बोटं दोऱ्यावर. शास्त्रीबुवा संस्कृत बोलायला लागले की तिनं माझ्याकडं बघायचं आणि मी हातानं थांब, कळेल म्हणायचं.

चन्नम्मा आली तेव्हा तिचे हात थांबले. पुढं चन्नम्मा बोलली की ही मागून हळू आवाजात तिला उत्तर द्यायची. हूं, हौदु, बरोबर. लोक वळून बघायला लागले. कुणी हसलं नाही. आजोबांनी त्यांच्या शेजारच्या पोराला विचारलं, "काय म्हणूलाल्या त्या?" आणि पोरगं त्यांना सांगत राहिलं.

सिनेमा संपायला पंधरा-वीस मिनिटं असताना ती उठली. बस होती, आणि यावेळी ती चुकवून चालणार नव्हती, घरी लेकरं होती. मी दारापर्यंत गेले. पायरीवर टोपली डोक्यावर घेता घेता तिनं मला विचारलं, "अज्ज सिगतानेन्री?" सापडतो का हो आजोबा?

"सिगतान," मी म्हणाले.

तिनं टोपलीतून एक गजरा काढून माझ्या हातात ठेवला, शेजारच्या खोलीकडं मान केली, "आकडे कूतारल्ला, अवरिगे" म्हणाली, तिकडं बसल्यात ना, त्यांना, आणि बसस्टॉपच्या दिशेनं निघून गेली.